धुके-निवारणातील गृहीतक

छायाचित्रातील धूसरता घालविणाऱ्या साधनांच्या परिणामाचे कौतुक पुष्कळ होते. त्यांच्यामागील गृहीतकाची चिकित्सा मात्र क्वचितच आढळते. २००९ मध्ये मांडली गेलेली ‘डार्क चॅनेल प्रायर’ ही पद्धती पाहावी. निरभ्र हवेतील बाह्यदृश्यात, आकाश वगळता, बहुतेक प्रत्येक लहान भागात लाल, हिरवा व निळा यांपैकी एखाद्या रंगाचे मूल्य कोठे तरी शून्यानजीक असते, हे तिचे गृहीतक. ते तसे नसल्यास वाढीव उजेड हवेचा समजून वजा करावयाचा. परंतु हिम किंवा पांढरा संगमरवर मुळातच उजळ. त्यांचा अंगचा शुभ्रपणाही ही पद्धती हवेच्याच खाती मांडते.

एकाच चित्रावरून धुके काढावयाचे, तर असे काही गृहीत धरणे अटळच आहे. म्हणूनच लाइटरूममध्ये २०१५ साली आलेल्या ‘डीहेझ’ या नावातील उपसर्ग खटकतो. झाकलेले मूळ रूप परत मिळाल्याची तो ग्वाही देतो. वस्तुतः हाती येते ते अनुमान. शोभेच्या चित्रात हा भेद उपेक्षणीय ठरेल. परंतु धुरकटलेल्या शहराचे छायाचित्र पुरावा म्हणून पुढे येते, तेव्हा ती धूसरता हेच त्याचे विधान असते. तेथे हे साधन वापरल्यास तशी नोंद चित्राखाली अवश्य असावी.