आधुनिक ख्रिस्ती पवित्र कला : संशोधनाच्या तीन चौकटी

कोणत्याही कलेचा इतिहास लिहिताना अभ्यासक प्रथम कलाकृतीकडे जातो, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः तो बहुधा प्रथम छापील पृष्ठाकडे जातो. कलाकृती दूरच्या एखाद्या गावी, वेदीच्या मागे किंवा आश्रमाच्या भिंतीवर असते. तिची पहिली ओळख होते ती नियतकालिकातील छायाचित्रावरून आणि त्याखालील चार ओळींवरून. ह्या ओळखीत कलाकृतीसंबंधीचे प्रश्नही बरेचसे ठरून गेलेले असतात. विसाव्या शतकातील ख्रिस्ती पवित्र कलेच्या अभ्यासात ही गोष्ट विशेष ठळकपणे आढळते. ह्या विषयावरील लेखन तीन वेगळ्या प्रकाशन-परंपरांतून वाढले आणि प्रत्येक परंपरेने आपल्या सोयीचे प्रश्न विचारले. त्यामुळे एका कलावंताला कलेतिहास लाभला, दुसऱ्याला केवळ धर्मप्रसाराच्या इतिहासातील एक परिच्छेद. हा फरक कलागुणांतून कितपत आणि छपाईच्या चौकटीतून कितपत उत्पन्न झाला, हे तपासणे आवश्यक आहे.

आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ज्या चित्राचा विषय धर्मकथेतून घेतला आहे ते धार्मिक चित्र. परंतु जे चित्र किंवा शिल्प उपासनास्थानात, उपासकांसमोर आणि उपासनेच्या उपयोगासाठी ठेवले जाते ते पवित्र कलेत मोडते. संग्रहालयात टांगलेले क्रूसारोहणाचे चित्र पहिल्या प्रकारचे, वेदीवरील क्रूस दुसऱ्या प्रकारचा. हा भेद सर्वमान्य असूनही प्रत्यक्ष संशोधनात तो वारंवार पुसला जातो. तसे का होते, ह्याचे उत्तर पुढील विवेचनात मिळेल.

१

पहिली चौकट फ्रान्समध्ये तयार झाली. १९३५ साली जोसेफ पिशार ह्यांनी 'लार साक्रे', म्हणजे 'पवित्र कला', हे नियतकालिक काढले. १९३७ पासून त्याची सूत्रे मारी-आलँ कुतुरिए आणि पी-रेमोँ रेगामे ह्या दोघा डोमिनिकन धर्मगुरूंकडे आली. मध्यंतरी महायुद्धामुळे खंड पडला. कुतुरिए ह्यांनी तो काळ अमेरिकेत आणि कॅनडात काढला. १९५४ मध्ये कुतुरिए निवर्तले आणि संपादन इतरांकडे गेले. नियतकालिक १९६९ मध्ये बंद पडले. पॅरिसमधील सँ-स्युल्पीस चर्चच्या आसपासच्या दुकानांतून विकल्या जाणाऱ्या साचेबंद, गोडगुळचट प्लास्टरच्या मूर्तींनी चर्चे भरून गेली होती. ही अभिरुची घालवून समकालीन श्रेष्ठ कलावंतांना पुन्हा चर्चमध्ये आणावे, हे ह्या संपादकांचे ध्येय होते. श्रद्धावान परंतु सामान्य कुवतीच्या कारागिरापेक्षा श्रद्धाहीन परंतु प्रतिभावान कलावंत बरा, अशी कुतुरिए ह्यांची भूमिका होती. ते स्वतः चित्रकार होते आणि मोरिस दनी व जॉर्ज देव्हालिएर ह्यांनी १९१९ मध्ये काढलेल्या पवित्र कलेच्या कार्यशाळेत शिकलेले होते; त्यामुळे श्रद्धाळू कलाशाळेच्या मर्यादा त्यांना आतून ठाऊक होत्या.

ह्या भूमिकेची कसोटी लागली ती ओत-साव्वा प्रांतातील आसी येथे. क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांसाठी प्रसिद्ध असलेल्या ह्या पठारावर वास्तुकार मोरिस नोव्हारिना ह्यांनी बांधलेल्या चर्चची प्रतिष्ठापना ४ ऑगस्ट १९५० रोजी झाली. तेथील धर्मगुरू देवेमी आणि कुतुरिए ह्यांनी जमवलेली नामावली आजही स्तिमित करते : दर्शनी भागावर लेजे ह्यांचे कुट्टिमचित्र, वेदीमागे लुर्सा ह्यांचा भित्तिपट, रूओ व बाझेन ह्यांच्या काचचित्रांच्या खिडक्या, बॉनार व मातीस ह्यांची संतचित्रे, ब्राक ह्यांनी घडवलेले पवित्र पेटिकेचे दार, आणि पुढे लिपशिट्झ ह्यांची मरियेची मूर्ती व शागाल ह्यांचे बाप्तिस्मागृहातील काम. ह्यांतील लेजे व लुर्सा साम्यवादी होते, लिपशिट्झ व शागाल यहुदी. आपण पूर्वजांच्या धर्माशी एकनिष्ठ राहून ही मूर्ती घडवली आहे, असे लिपशिट्झ ह्यांनी मूर्तीवरच कोरून ठेवले.

वाद पेटला तो मात्र झेर्मेन रिशिए ह्यांच्या वेदीवरील कांस्य-क्रूसावरून. ह्या शिल्पात देह आणि क्रूसाचे लाकूड एकमेकांत मिसळून गेले आहेत. चेहऱ्याची रेखीवता नाही, पृष्ठभाग झिजलेल्या बुंध्यासारखा खडबडीत आहे. समर्थकांनी यशयाच्या ५३व्या अध्यायातील रूपहीन, क्लेशभोगी सेवकाकडे बोट दाखवले. विरोधकांना ती ख्रिस्ताची विटंबना वाटली. १९५१ मध्ये आनसीच्या बिशपांच्या आदेशाने मूर्ती वेदीवरून हलवण्यात आली. ३० जून १९५२ रोजी रोमच्या धर्मपीठाने पवित्र कलेविषयी कडक सूचनापत्र काढले. सुमारे दोन दशकांनंतर मूर्ती पुन्हा आपल्या जागी आली.

ह्या सर्व घटनांचे प्रमुख साधन कोणते? तर स्वतः 'लार साक्रे'चे अंक आणि त्याच्या संपादकांचे ग्रंथ. ज्यांनी कलावंत निवडले, काम मिळवून दिले आणि वादात एक पक्ष चालवला, त्यांनीच ह्या चळवळीचा दप्तरखानाही निर्माण केला. रेगामे ह्यांच्या १९५२ च्या ग्रंथाचे शीर्षक 'विसाव्या शतकात पवित्र कला?' असे प्रश्नचिन्हासह छापले गेले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय. परंतु प्रश्न विचारणारा आणि उत्तराची साधने पुरवणारा एकच होता, हेही विसरता येत नाही.

विद्यापीठीय संशोधनाने ह्या विषयात प्रवेश केला तो विल्यम रुबिन ह्यांच्या आसीवरील ग्रंथाने. कोलंबिया विद्यापीठाच्या मुद्रणालयाने तो १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. रुबिन डोमिनिकन पक्षाचे प्रवक्ते नव्हते, त्यामुळे चळवळीकडे बाहेरून पाहण्याची मोकळीक त्यांना होती. चळवळीची पार्श्वभूमी, एकेका कलावंताच्या कामाची छाननी आणि वादाचा इतिहास, अशी त्यांची मांडणी आहे. ग्रंथाचे मोल निर्विवाद आहे. तथापि कलावंतवार मांडणीचा परिणाम असा होतो की, चर्च हे एक प्रदर्शन-दालन ठरते. लेजे ह्यांची कारकीर्द, रूओ ह्यांची कारकीर्द ह्यांचे धागे आसीपर्यंत येतात आणि पुढे निघून जातात; त्या दालनात दर रविवारी काय घडत होते, हा प्रश्न मागे राहतो. आरोग्यधामातील रुग्णांचा उल्लेख वादाच्या ओघात येतो खरा. वेदनेने खंगलेल्या माणसांना रिशिए ह्यांचा ख्रिस्त आपला वाटत होता, असे समर्थक सांगत. परंतु रुग्ण येथे एका पक्षाचे साक्षीदार म्हणूनच हजर होतात. पवित्र कलेच्या व्याख्येप्रमाणे ज्यांच्यासाठी कलाकृती घडली, तेच संशोधनात सर्वांत अस्पष्ट राहतात.

पुढील पिढीने ही उणीव अंशतः भरून काढली. फ्रांस्वाझ कोसे ह्यांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास 'लार साक्रे'कडे साधन म्हणून न पाहता अभ्यासविषय म्हणून पाहतो. १९४५ ते १९५४ ह्या वर्षांत फ्रान्समधील धर्म आणि कला ह्यांविषयीचा वाद ह्या नियतकालिकाने कसा घडवला, हा त्यांचा प्रश्न आहे. इझाबेल सँ-मार्तँ ह्यांनी २०१४ च्या ग्रंथात 'ख्रिस्ती कला' आणि 'पवित्र कला' ह्या संज्ञांच्याच इतिहासाकडे लक्ष वळवले. संज्ञा आणि नियतकालिके निरागस नसतात, हा धडा ह्या दोन्ही ग्रंथांतून मिळतो. तो फ्रान्सपुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही.

२

दुसरी चौकट मिशनरी संग्रह-ग्रंथांची. डॅनियल फ्लेमिंग ह्यांचा आशिया व आफ्रिकेतील ख्रिस्ती चित्रांचा संग्रह १९३८ मध्ये न्यूयॉर्कहून निघाला. जर्मन धर्मप्रसार-अभ्यासक आर्नो लेहमान ह्यांचा तरुण चर्चांच्या कलेवरील ग्रंथ १९५५ मध्ये आणि त्यापुढील विस्तृत ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्या ग्रंथांनी युरोपबाहेरील ख्रिस्ती चित्रकारांची नोंद घेतली. ती त्यांनी घेतली नसती तर अनेक नावे समूळ हरवली असती. परंतु अशा संग्रहांची मांडणी देशवार असते. चित्र हे 'भारताचे', 'चीनचे' किंवा 'जपानचे' म्हणून येते, आणि ख्रिस्ती संदेश स्थानिक वेषात कसा शोभतो, हा त्याला विचारलेला प्रश्न असतो. चित्राचे माध्यम, आकार, काळ, ते कोणी करवून घेतले आणि कोठे लावले, ह्या गोष्टी बरेचदा अनुत्तरित राहतात.

आंजेलो दा फोन्सेका ह्यांच्या वाट्याला नेमकी हीच चौकट आली. १९०२ मध्ये गोव्यातील सांतु इश्तेव्ह येथे जन्मलेल्या ह्या चित्रकाराने मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय पाहिले, आणि पुढे बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस ह्यांच्या परंपरेत शिक्षण घेतले. गोव्यात परतल्यावर साडी नेसलेली मरिया आणि भारतीय परिसरातील ख्रिस्तकथा हे त्यांचे विषय पोर्तुगीज वळणाच्या धार्मिक अभिरुचीला मानवले नाहीत. त्यांना आश्रय मिळाला पुण्यात, जॅक विन्स्लो ह्यांनी स्थापिलेल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. रोमन कॅथलिक चित्रकार अँग्लिकन आश्रमात राहून काम करतो, ही घटना त्या काळात लहान नव्हती. १९६७ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यातील पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च ह्या संस्थेत जतन केलेला आहे.

आसीचा वाद आणि फोन्सेका ह्यांना झालेला विरोध ह्यांतील साम्य डोळ्यांत भरणारे आहे. दोन्हीकडे प्रश्न एकच : उपासकाच्या सवयीच्या प्रतिमेपासून कलावंताने किती दूर जावे? परंतु एका वादाचा इतिहास 'आधुनिक कला आणि चर्च' ह्या शीर्षकाखाली लिहिला गेला, दुसऱ्याचा 'धर्माचे देशीकरण' ह्या शीर्षकाखाली. रिशिए ह्यांच्या शिल्पाच्या पृष्ठभागाविषयी पाने लिहिली गेली; फोन्सेका ह्यांच्या जलरंगांच्या थरांविषयी, रेषेविषयी, बंगाल-परंपरेशी त्यांनी ठेवलेल्या आणि तोडलेल्या नात्याविषयी तेवढे लक्ष दिले गेले नाही. साडीच इतकी बोलकी ठरली की चित्र मुके झाले.

रिचर्ड टेलर ह्यांच्या १९७५ च्या भारतीय चित्रांतील येशूवरील पुस्तकाने जामिनी रॉय ह्यांच्यासारखे अख्रिस्ती चित्रकार आणि ख्रिस्ती चित्रकार एकत्र आणून ही भिंत काहीशी पाडली. आनंद अमलदास व गुद्रुन ल्योव्हनर ह्यांच्या २०१२ च्या ग्रंथाने मोगल काळापासून आजपर्यंतचा पट मांडला. परंतु विस्तृत पट हा सखोल सूचीचा पर्याय होऊ शकत नाही.

३

तिसरी चौकट संग्रहालयाची आणि कलादालनाची. तिचे उदाहरणही गोव्याचेच आहे. १९२४ मध्ये साळगाव येथे जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सोझा हेही कॅथलिक घरातले आणि जे. जे. कलाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांचे १९५९ चे 'क्रूसिफिक्शन' लंडनच्या टेट संग्रहात आहे. एडविन मलिन्स ह्यांनी त्यांच्यावर लिहिलेला स्वतंत्र ग्रंथ १९६२ मध्येच निघाला. सोझा ह्यांनी 'वर्ड्स अँड लाइन्स' ह्या आत्मपर पुस्तकात बालपणीच्या चर्चचा आपल्यावरील संस्कार वर्णिला आहे. तरीही त्यांचा काटेरी, संतप्त ख्रिस्त उपासनेसाठी नाही. तो चर्चवर उलटलेला आहे. म्हणजे ज्याचा ख्रिस्त उपासनेबाहेर गेला त्याला आधुनिक कलेच्या इतिहासात जागा मिळाली, आणि ज्याने उपासकांच्या जगात राहून प्रतिमा बदलू पाहिली त्याला मिळाली नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. सोझा हे अधिक समर्थ चित्रकार असतील, तर त्यांना अधिक ग्रंथ लाभले ह्यात अन्याय कोणता? आक्षेप वजनदार आहे, आणि सर्व कलावंत समान लेखावेत असा दावा करून त्याला उत्तर देता येणार नाही. परंतु मूल्यनिर्णय संशोधनाच्या शेवटी यावा लागतो. ज्या चित्रकाराच्या कृतींची कालानुक्रमे सूची, उत्तम प्रतिमुद्रणे आणि शैलीविषयक चिकित्सा उपलब्ध व्हायची आहे, त्याला गौण ठरवणे म्हणजे साक्षी नोंदवण्यापूर्वी निकाल देणे होय. शिवाय पवित्र कलेत गुणवत्तेचा निकष केवळ नावीन्याचा असू शकत नाही. प्रतिमा उपासकांच्या समुदायात वर्षानुवर्षे कशी जगली, हाही तिच्या परीक्षणाचा भाग आहे. हा निकष आसीला लावला तर तेथील काही प्रख्यात कामांचेही पुनर्मूल्यन करावे लागेल.

म्हणून संशोधनाची दिशा तिन्ही चौकटींत थोडीथोडी बदलली पाहिजे. संपादक-प्रचारकांचे लेखन हे साधनाबरोबरच पक्षाचे निवेदन म्हणून वाचावे. मिशनरी संग्रहांतील चित्रांना माध्यम, काळ, आश्रयदाता आणि स्थान हे कलेतिहासाचे साधे प्रश्न विचारावेत. संग्रहालयातील ख्रिस्तप्रतिमेला तिच्या मूळ उपासना-स्मृतीशी जोडून पाहावे. महाराष्ट्रात ह्या कामाला विशेष अनुकूलता आहे. अभंगाच्या छंदात ख्रिस्तभक्ती आणणारे नारायण वामन टिळक ह्यांच्यावर मराठीत विपुल लिहिले गेले आहे. काव्यातील तो प्रयत्न आणि चित्रातील फोन्सेका ह्यांचा प्रयत्न शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. अहमदनगरला १८४२ मध्ये सुरू झालेला 'ज्ञानोदय' आणि १९०३ मध्ये सुरू झालेला 'निरोप्या' ह्या नियतकालिकांच्या संचिका, चर्चांची दप्तरे, आश्रमांची कागदपत्रे आणि वृद्ध उपासकांच्या आठवणी ही साधने पुणे, अहमदनगर, वसई व गोवा ह्या टापूत विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहेत. ह्यांतील शेवटचे साधन दरवर्षी क्षीण होत जाणारे आहे.

'लार साक्रे'च्या संपादकांनी एक गोष्ट निःसंशय सिद्ध केली : जे नीट छापले जाते तेच पुढील पिढीला दिसते. त्यांच्या पक्षपातावर टीका करताना त्यांची ही चिकाटी मात्र अनुकरणीय मानली पाहिजे. पुण्याच्या एका आश्रमात रंगवल्या गेलेल्या मरियेची वर्णनात्मक सूची सिद्ध होईल, तेव्हाच तिची आणि आसीच्या क्रूसाची तुलना करण्याचा अधिकार अभ्यासकांना प्राप्त होईल.