'सारखा' दिसला की उपमा?

अलंकार शिकविताना वर्गावर्गांतून एक युक्ती सर्रास सांगितली जाते. ओळीत 'सारखा', 'सम', 'परी' असे काही दिसले की उपमा लिहा. 'जणू', 'गमे', 'भासे' दिसले की उत्प्रेक्षा. मुले लिहितात, गुण मिळवितात, आणि ओळ वाचायची तेवढी राहून जाते.

'ही मुलगी अगदी आईसारखी दिसते,' हे वाक्य वर्गात देऊन पाहावे. पहिल्या बाकावरून तत्काळ उत्तर येते, "उपमा, गुरुजी!" उपमेय मुलगी, उपमान आई, साधारण धर्म रूप, साम्यवाचक शब्द 'सारखी', चारही अंगे हजर, अलंकार मात्र बेपत्ता! आपल्या जुन्या पंडितांना हे पक्के ठाऊक होते. 'गाईसारखा गवय' हे त्यांचे ठरलेले उदाहरण. रानातले जनावर ओळखता यावे एवढ्यापुरतेच ते साम्य. त्यात चमत्कृती नाही, म्हणून अलंकारही नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार अवघे 4 : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त ते 100 च्या वर गेले. एवढी जंत्री मुलांनी घोकावी असे मला मुळीच वाटत नाही. तिघांची नीट ओळख झाली तरी पुष्कळ. मुख चंद्रासारखे म्हणणाऱ्याला दोन वस्तू वेगळ्या आहेत याचे भान असते. 'जणू चंद्रच' म्हणताना ते भान डळमळते. 'मुखचंद्र' म्हणणाऱ्याने तर मधली भिंतच पाडलेली असते. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, या बोलणाऱ्याचे मन कुठवर गेले याच्या खुणा. तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळाला हात लावून आई म्हणते, "अंग नुसतं निखारा झालंय!" तिने 'निखाऱ्यासारखं लागतंय' म्हटले असते तर काय हरवले असते? हा प्रश्न परीक्षेत का येऊ नये?

लक्षणेचेही तेच. 'गंगेवर गवळीवाडा' हे उदाहरण शतकानुशतके चालत आले आहे. पाण्यावर वस्ती नसते, म्हणून 'गंगेच्या काठी' असा अर्थ घ्यायचा. उदाहरण चोख आहे, पण आमच्या मुलांना ते फार लांबचे. घरातलेच घ्या ना! या चार दिवसांत रात्री उशिरा आजी 'दिवा विझव' म्हणणार नाही, 'वाढव' म्हणेल. बांगडी फुटली की ती 'वाढली', नारळ फोडला की तो 'वाढवला', आणि निघालेला पाहुणा 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. मुख्यार्थ सोडून नेमका उलट अर्थ घ्यायचा, म्हणजे ही लक्षणाच, आणि तीही विपरीत. पाच वर्षांच्या पोरालासुद्धा ती बिनचूक कळते. दिव्यात कोणी जास्तीचे तेल ओतीत नाही.

आजी 'विझव' का म्हणत नाही, हे आधी मुलालाच विचारावे. "तसं म्हणायचं नसतं," असे तो म्हणाला की मग नाव सांगायला हरकत नाही.