निजसुखदुःखाचे विघ्न : निसर्ग-कलोपचाराच्या सिद्धांताचे परीक्षण

मनःस्वास्थ्यासाठी भरविल्या जाणाऱ्या सामुदायिक कार्यशाळांत निसर्ग व कला यांना आज औषधाचे स्थान देण्यात येते. जमलेली मंडळी बागेत किंवा रानात काही काळ मुकाट्याने हिंडतात, पाने, दगड, शेंगा गोळा करतात, माती मळतात, रंग हाताळतात आणि अखेरीस गोलाकार बसून आपापल्या कृतीविषयी बोलतात. या उपक्रमांचा गुण मोजणे हे वैद्यकाचे काम होय. परंतु त्यांच्या मुळाशी कलेविषयीचा एक सिद्धांत गृहीत धरलेला असतो, आणि त्याची तपासणी साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही. तो सिद्धांत असा : मनात साठलेले दुःख आकार घेऊन बाहेर पडले की माणूस हलका होतो, म्हणून कृती चांगली की वाईट, हा प्रश्नच येथे अप्रस्तुत आहे. हा सिद्धांत केवळ अपुराच नाही, तर ज्यांच्यासाठी तो मांडला जातो त्या दुःखितांच्याच हिताच्या आड येणारा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या विचाराचे मूळ जुने आहे. याकोब बेर्नाइस याने १८५७ मध्ये ॲरिस्टॉटलच्या ‘कॅथार्सिस’चा अर्थ वैद्यकीय विरेचन असा लावला, आणि साठलेल्या भावनेचा निचरा ही कल्पना आधुनिक विचारात रूढ झाली. परंतु ‘कलोपचार’ हा शब्दप्रयोग ज्याने १९४२ मध्ये प्रचारात आणला, त्या एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराचा अनुभव निराळाच होता. १९३८ मध्ये क्षयरोगामुळे ससेक्समधील आरोग्यधामात पडून असताना तो चित्रे काढू लागला आणि पुढे इतर रुग्णांनाही त्याने चित्रकलेकडे वळविले. १९४५ च्या आपल्या पुस्तकात तो निचऱ्यापेक्षा मन आणि बोटे ही दोन्ही पूर्णपणे गुंतून जाण्यावर भर देतो. रुग्णाला आपल्या आजाराकडून कागदाकडे नेणे, हा त्याच्या पद्धतीचा गाभा होता.

पुढे अमेरिकेत या क्षेत्रात दोन पक्ष पडले. मार्गारेट नॉमबर्ग यांनी चित्राला अबोध मनाची प्रतीकात्मक भाषा मानले. त्यांच्या लेखी ते रुग्ण आणि उपचारक यांच्यामधील संवादाचे साधन होते. मूळच्या व्हिएन्नाच्या आणि पुढे न्यूयॉर्कला आलेल्या ईडिथ क्रेमर यांनी मुलांबरोबर काम करताना वेगळी भूमिका घेतली, व १९५८ च्या ग्रंथात ती मांडली. त्यांच्या मते बरे करण्याची शक्ती घडविण्याच्या क्रियेतच असते; नुसते फराटे मारणे, ठोकळेबाज नक्कल करणे आणि खरी निर्मिती यांत भेद असून उपचारकाने तो ओळखला पाहिजे. म्हणजे गुणवत्तेचा प्रश्न त्यांनी उपचाराच्या क्षेत्रातून हद्दपार केला नाही. आजच्या पुष्कळशा कार्यशाळा मात्र नॉमबर्ग यांची पद्धत त्यांच्या प्रशिक्षणावाचून उचलतात आणि क्रेमर यांचा विवेक सोडून देतात.

या वादाचा उलगडा करण्यास आपले साहित्यशास्त्र विशेष उपयोगी पडते. दुःखाने, श्रमाने व शोकाने पीडित झालेल्यांना नाट्य विश्रांती देईल, असे भरताने नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. ही विश्रांती कशी घडते, याचे उत्तर अभिनवगुप्ताच्या रसविघ्नांच्या विवेचनात सापडते. त्याने सांगितलेल्या सात विघ्नांपैकी एक म्हणजे स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे. जो स्वतःच्या दुःखात बुडाला आहे, त्याचे चित्त दुसऱ्या वस्तूवर स्थिरावणार कसे? यासाठी नाट्यात गायन, वादन, सुशोभित मंडप इत्यादींची योजना असते, असे तो सांगतो. येथे उपचाराची दिशा स्पष्ट आहे : ती स्वतःकडून वस्तूकडे जाते.

हे विवेचन प्रेक्षकाचे आहे, निर्मात्याचे नव्हे, असा आक्षेप येथे संभवतो. त्याला उत्तर ‘लोचना’त आहे. क्रौंचवधाच्या प्रसंगी शोक श्लोकरूप झाला, या आनंदवर्धनाच्या विधानावर भाष्य करताना, तो शोक मुनीचा खाजगी शोक समजू नये, असे अभिनवगुप्त बजावतो; उचित शब्द, छंद, वृत्त यांच्या नियंत्रणातूनच तो श्लोक होतो. सारांश, कवीलाही भावना जशीच्या तशी बाहेर टाकून भागत नाही. तिला माध्यमाच्या नियमातून जावे लागते. मातीचा ओलावा, कागदाचे शोषण, रेषेचा तोल यांचा प्रतिकार हेच कार्यशाळेतील वृत्त होय. तो प्रतिकार काढून घेतला, तर उरतो केवळ आत्मोद्गार. आणि आत्मोद्गारात माणूस त्याच दुःखाची पुन्हा उजळणी करतो.

निसर्गाविषयीही हेच म्हणता येईल. रॉजर उल्रिक यांचा १९८४ चा निबंध नेहमी पुढे केला जातो. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या त्यांनी २३ जोड्या लावल्या. खिडकीतून झाडे दिसणाऱ्यांचा मुक्काम सरासरी ७.९६ दिवसांचा, तर विटांची भिंत दिसणाऱ्यांचा ८.७० दिवसांचा होता. पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. परंतु तुलना एका एकसुरी भिंतीशी होती, आणि फरक एका दिवसाहून कमी होता, हे विसरता कामा नये. शिवाय ही झाडे तुमचे औषध आहेत, असे त्या रुग्णांना कोणी सांगितले नव्हते. ती नुसती दिसत होती. रेचेल व स्टीफन कॅप्लन यांनी १९८९ च्या ग्रंथात प्रयत्नपूर्वक अवधानाने थकलेले मन निसर्गातील अनायास अवधानात विसावते, असे प्रतिपादिले. विसाव्याची ही कल्पना अभिनवगुप्ताच्या विचाराशी सर्वस्वी एकरूप नसली, तरी त्याच्या जवळची आहे.

यावरून कलेला उपयुक्ततेच्या दावणीला बांधल्याचा आरोप कोणी करील. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या फडके-खांडेकर वादाच्या, आणि सौंदर्यभावनेला इतर भावनांहून वेगळी मानणाऱ्या मर्ढेकरांच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला तो सुचणे स्वाभाविक आहे. परंतु येथे निष्पन्न होते ते नेमके उलट. कलेचे स्वायत्तत्व सांभाळले, तरच तिच्यापासून विसावा मिळतो. विसाव्यासाठी ते मोडले, तर कलाही जाते आणि विसावाही.

याचा व्यवहारातील परिणाम लहान नाही. “हे चित्र तुमच्याविषयी काय सांगते?” या प्रश्नाने सहभागी माणूस पुन्हा आपल्याच कोठडीत परततो. “या पानाची कड कोठे वळली आहे?” असे विचारले तर तो निदान क्षणभर तरी बाहेर येतो. वाकडी रेषा वाकडी आहे, हे सौम्यपणे सांगणे ही क्रूरता नव्हे. त्या माणसाला पाहता येईल, या विश्वासाची ती खूण आहे. सरसकट ‘छान’ म्हणण्यात मात्र त्याला केवळ रुग्ण लेखण्याचा अपमान दडलेला असतो.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलांचा आरोग्याला उपयोग होतो, असा निष्कर्ष काढला. परंतु त्यामुळे चित्र हे औषधाचा पर्याय ठरत नाही. तीव्र मनोविकाराला वैद्यच हवा, आणि कर्ज, बेकारी, छळ यांतून आलेले दुःख रंगांनी फिटत नाही. ज्या कारणांचे निवारण समाजाने करावयाचे, त्यांची जबाबदारी माणसाच्या मनःस्थितीवर ढकलण्यासाठी कार्यशाळेचा उपयोग होत असेल, तर तो कलेचाही दुरुपयोग होय. कला दुःखाचे कारण दूर करीत नाही. दुःखात गुरफटलेल्या दृष्टीला ती दुसरे काही पाहण्याची सवड देते. एवढेच तिचे कार्य आहे, आणि ते करण्यासाठी तिला प्रथम कला म्हणून उभे राहू दिले पाहिजे.