ड्यूटेरॉनची आकृती : कंकण आणि डंबेल

नागपूर येथे जन्मलेले कै. विजय रघुनाथ पांढरीपांडे (१९४०–२००६) यांनी फॉरेस्ट, पीपर, विरिंगा, शियाविला व आरियागा यांच्यासमवेत १९९६ साली अणुकेंद्रांतील कंकणाकृती रचनांवर जो निबंध प्रसिद्ध केला, तो पुंजयामिकीच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावा. कोनीय संवेगाच्या आयगेन फलनांशी आपला परिचय बहुधा हायड्रोजनपाशीच थांबतो. येथे त्यांची गाठ टेन्सर बलाशी पडते.

ड्यूटेरॉनची अवस्था ही एकूण कोनीय संवेगाचा वर्ग व त्याचा एका अक्षावरील प्रक्षेप या दोन कारकांचे आयगेन फलन होय. कक्षीय संवेगाच्या वर्गाचे मात्र ती आयगेन फलन नव्हे. कारण टेन्सर बल कक्षीय संवेग ० व २ यांचे मिश्रण घडविते. राबी व त्यांच्या सहकाऱ्यांना १९३९ साली आढळलेले चतुर्ध्रुवी परिबल याचीच साक्ष देते. दुसऱ्या घटकाची संभाव्यता जेमतेम ६ टक्के आहे. तरीही प्रक्षेप ० असता घनता कंकणाकृती आणि प्रक्षेप ±१ असता डंबेलसारखी होते. याचे कारण असे की, घनतेत दोन परमप्रसरांचा गुणाकार येतो आणि न्यूक्लिऑनांमधील अंतर २ फेमटोमीटरांहून कमी असता त्याचा परिणाम कमाल मर्यादेच्या निकट पोचतो. हे स्पष्ट करण्यातच निबंधाचे खरे श्रेय आहे.

तथापि डंबेल ही फिरत्या कंकणातून निर्माण होते, या विधानाविषयी शंका घेणे प्राप्त आहे. आयगेन अवस्थेतील घनता कालानुसार बदलत नाही. मग फिरते ते काय? क्ष व य हे अक्ष असलेल्या दोन स्थिर कंकणांच्या घनतांची सरासरी काढली, की नेमकी तीच डंबेल मिळते. कमाल मर्यादेस कंकणाची घनता त्याच्या अक्षाशी होणाऱ्या कोनाच्या ज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उपर्युक्त सरासरी झ-अक्षाशी होणाऱ्या कोनाच्या संदर्भात '१ अधिक कोज्येचा वर्ग' या प्रमाणात येते. म्हणजे अक्षावरील घनता विषुववृत्तावरील घनतेच्या दुप्पट ठरते. गणित अचूक आहे. 'फिरणे' हा शब्द तेवढा अभिजात यामिकीतून उसना घेतलेला आहे.

तिन्ही प्रक्षेपांची सरासरी घेतली तर कंकणही उरत नाही आणि डंबेलही नाही. उरतो केवळ गोल. तात्पर्य, ही आकृती एकट्या ड्यूटेरॉनची नसून ड्यूटेरॉन आणि आपण निवडलेला अक्ष या दोहोंची मिळून आहे. हे ध्यानी ठेवून वाचल्यास प्रस्तुत निबंध अनेक पाठ्यपुस्तकांहून अधिक शिकवून जाईल.