मातेच्या दुधातील सूक्ष्म खनिजे : एका गृहीतकाची चिकित्सा

मातेचा आहार निकृष्ट म्हणून तिचे दूधही निकृष्ट, हे गृहीतक आपल्याकडील लेखनात सर्रास आढळते. जस्त, लोह व तांबे यांबाबत ते टिकत नाही. त्यांचे दुधातील प्रमाण मातेच्या आहारावर फारसे अवलंबून नसते. आयोडीन व सेलेनियम हे अपवाद होत. जस्त चिकात सर्वाधिक असते. दुसऱ्या आठवड्यातील लिटरमागे सुमारे ४ मिलिग्रॅम हे प्रमाण सहाव्या महिन्यापर्यंत १.२ च्या आसपास उतरते. म्हणून प्रसूतीनंतरचा काळ न नोंदविता काढलेली सरासरी निरर्थक ठरते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड माता हंगामभर फडावर राबतात. त्यांच्या दुधाला दोष देण्यापेक्षा पाजण्यास मिळणारी उसंत, सहा महिन्यांनंतरचा पूरक आहार आणि मातेची स्वतःची झीज यांचा अभ्यास होणे अगत्याचे आहे.