पारीची पारख

बांबूच्या छोट्या टोपलीचं झाकण निघतं, वाफ विरते आणि आत चार हार गाऊ दिसतात. पांढरी, जवळजवळ पारदर्शक पारी, तिच्याआडून कोळंबीची गुलाबी झाक, एका बाजूला ओळीनं बसवलेल्या चुण्या आणि दुसरी बाजू गुळगुळीत, किंचित फुगीर. डिमसम म्हणजे चहाबरोबर खायचे छोटे कँटनी पदार्थ; त्यांच्या असंख्य प्रकारांत हार गाऊ सगळ्यात अवघड मानला जातो. स्वयंपाकघर कसं आहे, हे दक्षिण चीनमधल्या कँटनचे खवय्ये याच्यावरूनच ठरवतात. निदान सात चुण्या हव्यात, दहा-बारा असल्या तर हात मुरलेला, असा जुना संकेत आहे.

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, आता डिमसम मिळतं. मॉलमध्ये मिळतं, मोठ्या हॉटेलांत मिळतं, नाक्यावरच्या छोट्या जागेतही मिळतं. त्यातलं चांगलं ओळखायचं कसं? मला वाटतं, मराठी माणसाला यासाठी फार काही नव्यानं शिकावं लागत नाही. ज्या घरात गणेश चतुर्थीला उकडीचे मोदक होतात, त्या घरातले डोळे आणि जीभ ही परीक्षा घ्यायला केव्हाच तयार झालेली असतात. डिमसमचा खरा रस पारीत आणि ताज्या वाफेत आहे, आणि या दोन्ही गोष्टी आपल्या ओळखीच्या आहेत.

आधी पारी पाहू. तांदळाच्या पिठीत ग्लुटेन नसतं. ग्लुटेन म्हणजे कणकेला ताण देणारा चिवट भाग. तो नसल्यामुळे गार पाण्यात भिजवलेली पिठी लाटली की फाटते. म्हणून आपण पाण्याला उकळी आणतो, त्यात मीठ आणि चमचाभर तूप घालतो, पिठी वैरतो, झाकण ठेवून वाफ आणतो आणि उकड गरम असतानाच तेल-पाण्याच्या हातानं मळतो. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो, आणि पीठ बांधून ठेवायचं काम तोच करतो. हार गाऊची पारीही याच वाटेनं जाते. तिचं मुख्य पीठ म्हणजे ग्लुटेन काढून टाकलेला गव्हाचा स्टार्च. कुरडयांसाठी आपल्याकडे गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक खाली बसवतात, तोच हा पदार्थ, फक्त वाळवून पूड केलेला. त्यात टॅपिओकाचा स्टार्च मिसळतात, उकळतं पाणी ओततात आणि गोळा गरम असताना मळतात. कुरडयांसाठी शिजवलेला चीक भांड्यात कसा काचेसारखा होतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हार गाऊची झळाळी कुठून येते, हे सांगायला नको.

नंतरचं कसब हाताचं. कँटनी आचारी गोळी लाटत नाही. तेल लावलेल्या रुंद सुरीच्या सपाट पात्याखाली ती दाबून, फिरवून, कागदासारखी चकती काढतो. आपल्याकडची सुगरण उकडीची गोळी अंगठ्यांनी आणि बोटांनी वाटीसारखी फुलवत नेते, कडा पातळ आणि तळ किंचित जाड ठेवते, मग चिमटीनं कळ्या काढून वर एकत्र आणते. दोन्हीकडे चूक एकाच जागी होते. चुण्या जिथे मिटतात, तिथे पिठाचा गड्डा राहतो. तो दाताखाली कच्चट लागला, तर मोदकही फसला आणि हार गाऊही. म्हणून डिमसम खाताना मी पहिला घास चुण्यांच्या बाजूनं घेते. सारण कसंही झाकता येतं, चुण्या झाकता येत नाहीत. पारी टोपलीतल्या कागदाला चिकटून फाटली, तर ती जास्त शिजली किंवा पीठ सैल झालं. दाताला च्युइंगगमसारखी चिकटली, तर टॅपिओका जास्त झाला. कडांना कोरड्या चिरा दिसल्या, तर ती बहुधा फ्रीझरमधून आली आहे.

इथेच मोमोचा वेगळेपणा ध्यानात येतो. स्टेशनबाहेर ॲल्युमिनियमच्या मजल्यामजल्यांच्या भांड्यांतून, तिखट लाल चटणीसोबत मिळणारे मोमो उपनगरांच्या संध्याकाळचा भाग झाले आहेत. ते आले नेपाळ, सिक्कीम आणि दार्जिलिंगकडून, तिथल्या तरुणांच्या हातांनी. त्यांची पारी मैद्याची, गार पाण्यात मळून लाटलेली, ग्लुटेनच्या ताणावर उभी. ती चिवट असणं हा तिचा गुण आहे, कारण तिला आतला रस धरून ठेवायचा असतो. मोमोला हार गाऊच्या मोजपट्टीनं मोजू नये आणि हार गाऊकडून मोमोचा चिवटपणा मागू नये. दोन्ही वाफेवर शिजतात, एवढं एक साम्य सोडलं तर घराणी वेगळी.

आता सारण. हार गाऊमधली कोळंबी दाताखाली कुरकुरली पाहिजे. ती आधी मीठ आणि स्टार्च चोळून गार पाण्यात धुतात, पुसून पूर्ण कोरडी करतात, मग बांबूच्या कोंबाचे बारीक तुकडे आणि थोडी चरबी किंवा तिळाचं तेल मिसळतात. मसाला जवळजवळ नसतोच. वर्सोवा, मढ, गोराईच्या कोळीवाड्यांतली ताजी कोळंबी खाऊन वाढलेल्या मुंबईकराला हे चटकन समजतं. कोळंबी ताजी असली की तिची गोडीच पुरे होते. शिळी असली की लसूण आणि तिखट वाढतं. त्यामुळे हार गाऊमध्ये लसणाचा जोर जाणवला, तर मला कोळंबीबद्दल शंका येते. सिऊ माय या दुसऱ्या प्रकाराचा मामला निराळा. त्याचं तोंड उघडं असतं आणि पिवळसर पारी सारणाला फक्त कमरेपर्यंत धरते, म्हणून तिथे सारण घट्ट आणि रसाळ हवं. चार सिऊ बाओ, म्हणजे भाजलेल्या डुकराच्या मांसाचं सारण भरलेला बाओ, फुगवलेल्या पिठाचा. त्याचं डोकं वाफेत तीन-चार पाकळ्यांनी उलावं, हेच त्याचं रूप.

शिजवणाऱ्या वाफेलाही शिस्त असते. बांबूची टोपली नुसती शोभेसाठी नाही. धातूच्या झाकणावर वाफेचं पाणी होतं आणि थेंब पारीवर टपकून तिला खड्डे पाडतात. बांबू ते पाणी शोषून घेतो. आपल्याकडे मोदकपात्राच्या झाकणाखाली पंचा बांधतात तो याच कारणासाठी. मोदकाला दहा-बारा मिनिटं लागतात, हार गाऊला साधारण त्याच्या निम्मी. आणि ती वेळ संपली की घड्याळ उलटं फिरू लागतं. फुललेला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट होतो, पारी धुरकट आणि वातड होत जाते. सकाळचा मोदक संध्याकाळी कडक होतो तो असाच. म्हणून डिमसम घरी मागवू नये, हे मी आग्रहानं सांगते. अंधेरीच्या रहदारीतून डब्यात बंद होऊन आलेला हार गाऊ कितीही चांगल्या हातचा असला, तरी त्याची वेळ टळून गेलेली असते. तो टेबलावर, टोपली उघडल्यापासून पाच मिनिटांत खायचा पदार्थ आहे.

मुंबईत हा पदार्थ उशिरा आणि आडवळणानं आला. खरं तर इथली चिनी वस्ती जुनी. माझगावात डॉकयार्ड रोडजवळचं सी युप मंदिर १९१९ सालचं, कँटनच्या परिसरातून आलेल्या खलाशांच्या समाजाचं. डिमसम मूळचं याच कँटनचं. पण १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर चिनी वंशाच्या अनेक भारतीय कुटुंबांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं, बरेच जण देश सोडून गेले आणि देशभरातल्या या वस्त्या आक्रसल्या. जी उपाहारगृहं टिकली त्यांना इथल्या गिऱ्हाइकाची आवड सांभाळायची होती. १९७५ च्या सुमारास आचारी नेल्सन वँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मांच्युरियन केलं आणि पुढची काही दशकं मुंबईचं चायनीज म्हणजे तेच राहिलं. उपनगरांत नेटकं चिनी जेवण रुजवण्याचा मोठा प्रयत्न १९९४ साली झाला, अंजन चॅटर्जी यांनी साकी नाक्याला मेनलँड चायना सुरू केलं तेव्हा. २०११ मध्ये याउआचा वांद्रे-कुर्ला संकुलात आलं. २००४ साली ॲलन याव यांनी लंडनच्या सोहो भागात काढलेलं हे डिमसमचं घर. म्हणजे माझगावातून अंधेरीला येऊ शकला असता असा पदार्थ लंडनला वळसा घालून आला, आणि येताना रात्रीचा, महागडा, खास प्रसंगाचा होऊन आला.

त्याची मूळ वेळ मात्र सकाळची, चहाबरोबरची. हे पाहायचं असेल तर दक्षिण थायलंडमधल्या त्रांग शहराकडे पाहावं. उपनगरांतली अनेक मराठी कुटुंबं हल्ली फुकेत-क्राबीला जातात. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय जाता येऊ लागल्यावर हा ओघ आणखी वाढला. क्राबीहून त्रांग गाडीनं दोनेक तासांवर आहे. याच प्रांतातल्या कांतांगमध्ये विसाव्या शतकाच्या तोंडावर थायलंडमधलं पहिलं रबराचं झाड लावलं गेलं, असं मानतात. रबराचा चीक पहाटेच्या गारव्यात चांगला वाहतो, म्हणून मळ्यातला माणूस अंधारात कामाला जातो आणि उजाडताना त्याला भूक लागते. चिनी वंशाच्या दुकानदारांनी ती भूक भागवली. त्यामुळे तिथे डिमसम भल्या सकाळी, कॉफीबरोबर आणि त्रांगच्या प्रसिद्ध भाजलेल्या डुकराच्या मांसासोबत खाल्लं जातं. काही ठिकाणी कच्चे नग बशांतून मांडलेले असतात. आपण बोट दाखवायचं, ते लगेच वाफेवर चढतात. दहा वाजले की गर्दी ओसरते. तिथे चांगलं दुकान शोधायची खूण साधी आहे. जिथे शाळेला निघालेली मुलं, म्हातारी माणसं आणि कामावरून परतलेले मजूर एकाच वेळी बसलेले दिसतील, तिथे टोपल्या सतत रिकाम्या होतात आणि सतत ताज्या भरतात.

मुंबईत परतलं की घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीतल्या गुजराती व जैन घरांमुळे दुसराच प्रश्न पुढे येतो, कांदा-लसणाशिवायच्या डिमसमचा. अनेक खवय्ये त्याला नाक मुरडतात. मला ते अन्यायाचं वाटतं. चिनी बौद्ध मठांच्या पाकशाळेत कांदा, लसूण आणि त्यांचे भाऊबंद वर्ज्य आहेत. त्यांच्या ब्रह्मजाल सूत्रातल्या वर्ज्य यादीत तर हिंगही येतो. फुकेतला चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस शाकाहाराचा उत्सव चालतो, पिवळ्या पताकांवर लाल अक्षरं झळकतात, आणि हे दिवस बहुतेक वर्षी आपल्या शारदीय नवरात्राशीच जुळतात. त्या पताकेखालच्या अन्नात कांदा-लसूण नसतो. म्हणजे घाटकोपरच्या गिऱ्हाइकाची मागणी या परंपरेला परकी नाही, ती तिच्या गाभ्यातली आहे.

अडचण आहे ती आळसाची. बहुतेक ठिकाणी शाकाहारी टोपलीत मका, पनीर आणि कोबी कोंबून मोकळे होतात. कुरकुरीतपणासाठी डब्यातला वॉटर चेस्टनट घालतात. तो जमिनीखालचा कंद, म्हणून जैन ताटात चालत नाही. आपला शिंगाडा मात्र पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचं फळ. पावसाळा सरला की तो बाजारात ओला, गोड, कुरकुरीत मिळतो. शिंगाडा, टोफू, कोथिंबिरीचे देठ आणि तिळाचं तेल यांचं सारण नीट पारीत मिटलं, तर त्याला कोणाची माफी मागायची गरज नाही.

शोध घ्यायचा तर असा घ्यावा. यादी आखूड असलेली जागा निवडावी, कारण चाळीस प्रकारांच्या पाऱ्या रोज ताज्या होत नाहीत. दुपारी, गर्दी असताना जावं. घाटकोपरहून मेट्रोनं मरोळ नाका आणि तिथून तिसऱ्या मार्गिकेनं वांद्रे-कुर्ला संकुल आता सहज गाठता येतं, म्हणून लांब आहे ही सबब उरलेली नाही. पहिल्यांदा एकच टोपली मागवावी, वाफवलेली, साधी. चटणीला हात न लावता एक नग खावा. चुण्या मोजाव्यात, मिटणीचा घास घ्यावा, कागदाकडे पाहावं. पारी जमली असेल तर पुढची टोपली सांगावी, आणि आत निरोप पाठवून आचाऱ्याचं कौतुक करावं. भाद्रपदात पार्ल्यात, मुलुंडात, बोरिवलीत घरोघरच्या बायका शेकड्यांनी मोदकांच्या ऑर्डरी पुऱ्या करतात. त्यांच्या कळ्यांना आपण मनापासून दाद देतो. तीच दाद या बंद दारामागच्या हाताला मिळायला हवी.

आणि हॉटेलवाल्यांकडे एक मागणी करावी. रविवारी सकाळी फाफडा-जिलेबी, मिसळ आणि इडलीसाठी रांगा लावणारी ही उपनगरं आहेत. सकाळी वाफाळलेलं, ताजं, बेताच्या पैशाचं खाणं म्हणजे काय, हे इथे कोणाला समजावावं लागत नाही. रविवारी सकाळी आठला दार उघडा, पाचच प्रकार ठेवा, त्यातले दोन कांदा-लसणाशिवायचे, आणि सोबत किटलीभर चहा. पारी चांगली असेल तर गिऱ्हाईक आपोआप येईल, कारण ते ओळखणारे लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात.