कवितेला मिळालेला चेहरा : 'मैसूरु मल्लिगे' आणि गीताचे दृश्यबंधन

एखादे गीत चित्रपटातील एखाद्या प्रसंगाशी असे जखडले जाते, की पुढे ते नुसते कानांवर पडले तरी तो प्रसंगच डोळ्यांपुढे उभा राहतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्याची चर्चा आजवर बहुधा संगीताच्या किंवा स्मरणरंजनाच्या अंगाने झाली. साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने मात्र त्यातून एक निराळा प्रश्न निर्माण होतो. गीत मुळात स्वतंत्र कविता असेल, तर दृश्याशी झालेल्या या सोयरिकीत कवितेचे नेमके काय होते? तिच्यातील काय वाढते, आणि काय हरवते?

जागतिक चित्रपटाच्या इतिहासात याचे एक ठळक उदाहरण आहे. हर्मन हुपफेल्ड याने 'अ‍ॅज टाइम गोज बाय' हे गीत १९३१ मध्ये ब्रॉडवेवरील एका संगीतिकेसाठी रचले. पुढे १९४२ मध्ये 'कॅसाब्लांका' या चित्रपटात ते आले आणि त्यानंतर त्या उपाहारगृहाशी व तेथील पियानोशी कायमचे बांधले गेले. त्याचा आधीचा अकरा वर्षांचा इतिहास आज अभ्यासकांपुरताच उरला आहे. योगायोग असा, की त्याच १९४२ साली कन्नडमध्ये एक छोटा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यालाही पुढे चित्रपटाने आपलेसे केले. परंतु त्याच्या बाबतीत घडले ते बरेच वेगळे. के. एस. नरसिंहस्वामी यांचा 'मैसूरु मल्लिगे' हा तो संग्रह होय.

मंड्या जिल्ह्यातील किक्केरी येथे १९१५ मध्ये जन्मलेल्या या कवीचा हा पहिलाच संग्रह. संस्कृत 'मल्लिके'चे कन्नड रूप 'मल्लिगे'. म्हैसूरचे हे सुगंधी फूल संग्रहाचे नाव झाले आणि काही वर्षांतच ते नाव दांपत्यप्रेमाच्या एका संपूर्ण काव्यविश्वाचे निदर्शक ठरले. प्रियकर-प्रेयसीचा विरह हा भारतीय शृंगारकाव्याचा रूढ विषय. नरसिंहस्वामींनी त्याऐवजी विवाहानंतरचे प्रेम निवडले. सासर-माहेरच्या वाटा, मेहुणीची थट्टा, पत्नीचा रुसवा आणि घराच्या ओटीवरचा दिवा ही या कवितांची सामग्री. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स याच्या प्रेमगीतांचे अनुवाद नरसिंहस्वामींनी केले होते. बोलीचा साधेपणा आणि गेयता यांची जी सांगड बर्न्समध्ये आढळते, तिचे नाते या संग्रहाशी सहज जुळते.

या कविता चित्रपटात येण्यापूर्वी जवळजवळ अर्धे शतक गायिल्या जात होत्या, ही बाब प्रस्तुत विवेचनात महत्त्वाची आहे. म्हैसूरला श्राव्य माध्यमाची परंपरा जुनी. महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये तेथे खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले आणि 'आकाशवाणी' हे नाव त्याच केंद्रामुळे रूढ झाले. पुढे पी. कालिंगराव, म्हैसूर अनंतस्वामी, सी. अश्वत्थ अशा गायक-संगीतकारांनी आधुनिक कन्नड कवींच्या रचनांना चाली दिल्या आणि 'सुगम संगीत' नावाची एक स्वतंत्र शाखाच उभी राहिली. निसार अहमद यांच्या कवितांची 'नित्योत्सव' ही ध्वनिफीत १९७८ मध्ये निघाली, तेव्हा या परंपरेला घरोघरी प्रवेश मिळाला. मराठी वाचकाला हे दृश्य अपरिचित नाही. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' जी. एन. जोशी यांच्या कंठातून ध्वनिमुद्रिकेवर आली आणि १९३० च्या दशकात मराठी भावगीताचा पाया घातला गेला. या दोन्ही प्रांतांत कवितेने प्रथम सुरांशी संसार मांडला. सूर कवितेला गती देतो, लय देतो, क्वचित तिच्या शब्दांवर कुरघोडीही करतो. तथापि तो तिच्यातील 'मी'ला चेहरा देत नाही. गाणारा आणि ऐकणारा दोघेही त्या 'मी'च्या जागी जाऊन बसू शकतात.

चित्रपट नेमकी हीच जागा व्यापतो. टी. एस. नागाभरण यांनी 'मैसूरु मल्लिगे' याच नावाचा चित्रपट काढला. त्याचे संगीत सी. अश्वत्थ यांचे होते. १९९१ सालच्या चित्रपटांसाठी असलेल्या एकोणचाळिसाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपट ठरला, आणि सर्वोत्कृष्ट गीतरचनेचा पुरस्कार नरसिंहस्वामींना मिळाला. या पुरस्कारातील एक सूक्ष्म विसंगती नजरेआड करता येत नाही. गीतरचना म्हणजे प्रसंगानुसार केलेले लेखन अशी चित्रपटव्यवसायाची धारणा. येथे पुरस्कार मिळाला तो अर्ध्या शतकापूर्वी, कोणताही प्रसंग नेमून दिलेला नसताना लिहिलेल्या कवितांना. प्रसंगच कवितांसाठी रचले गेले होते. संग्रहातील स्त्री एकच एक नाही. कुठे ती पदुमा आहे, कुठे शानभोगांची, म्हणजे आपल्याकडील कुलकर्ण्यांची, मुलगी आहे, तर कुठे तिला नावच नाही. चित्रपटाला मात्र कथा लागते आणि कथेला नायिका. सुट्या फुलांचा हार करायचा तर दोरा हवा, हे खरे. पण हारात गुंफलेले फूल मोकळ्या फुलासारखे हाताळता येत नाही, हेही तितकेच खरे.

संग्रहातील सर्वांत लोकप्रिय कवितांपैकी एक, 'रायरु बंदरु', या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. पौर्णिमेच्या रात्री राव सासुरवाडीला येतात. पाय धुण्यास ऊन पाणी, चांदीच्या वाटीत खसखशीचे पायस, मऊ अंथरलेला पलंग, भरतकामाच्या फुलांची रेशमी उशी असा सगळा थाट आहे. दिसत नाही ती फक्त पत्नी. विचारता मेहुणी सांगते की ती 'आत नाही', आणि हसते. रावांना हसू येत नाही. मराठी घरांत ज्याला 'बाहेर बसणे' म्हणतात, त्याचाच हा सूचक उल्लेख आहे, हे ज्याला कळते त्याला या उत्तरातील सारी गंमत व सारी निराशा एकदम कळते. रुसलेले राव सकाळी निघू पाहतात, तेव्हा न्हाणीघरात पाणी तापल्याची वार्ता येते आणि पत्नी केसांत फूल माळीत समोर उभी राहते.

या कवितेचा प्राण न बोललेल्या गोष्टीत आहे. पत्नी जवळजवळ संपूर्ण कविताभर अनुपस्थित आहे आणि तिच्या अनुपस्थितीमुळेच पलंग, पायस, चंद्र या साऱ्या वस्तूंना अर्थ येतो. डोळ्यांना दाखवता येईल असे साहित्य कवीने मुबलक पुरवले आहे. परंतु त्याचा मध्यबिंदू म्हणून ठेवली आहे ती एक पोकळी आणि एक द्व्यर्थी शब्द. कॅमेरा पलंग दाखवील, चांदीची वाटी दाखवील, मेहुणीचे हसूही दाखवील. 'आत नाही' या शब्दांतील संकोच, रूढी आणि मिस्कीलपणा यांचे मिश्रण मात्र श्रोत्याला भाषेतूनच मिळवावे लागते. ज्या पिढीला ती रूढीच परकी झाली आहे, तिला नुसते दृश्य तेथवर नेऊ शकत नाही.

याउलट, कासार चेन्नय्याची कविता घ्यावी. बांगड्या विकणारा चेन्नय्या दाराशी येतो, आत येण्याची परवानगी मागतो आणि माहेरी गेलेल्या पत्नीचा निरोप पतीला सांगतो. येथे बोलणारा 'मी' कवी नव्हे, वाचकही नव्हे. कवीने निर्मिलेले ते एक पात्र आहे. अशा कवितेत नाट्य आधीच आहे. तिला नट मिळाला, दार मिळाले, बांगड्यांचे ओझे मिळाले, तर तिची हानी होण्याचे फारसे कारण नाही. यावरून एक विवेक करता येतो. ज्या कवितेत बोलणारा आणि प्रसंग कवीने स्वतःच निश्चित केलेले असतात, ती दृश्याचा चेहरा सहज स्वीकारते. ज्या कवितेतील 'मी' रिकामा ठेवलेला असतो, तिच्यात दृश्य वाचकाची जागा घेते.

तिसरा प्रकार याहून अवघड आहे. घरची भाषा मराठी असूनही कन्नडचे महाकवी ठरलेले धारवाडचे द. रा. बेंद्रे यांची 'बेळगु' ही पहाटेची कविता पुट्टण्णा कणगाल यांच्या 'बेळ्ळी मोड' (१९६७) या चित्रपटात विजयभास्कर यांच्या संगीतासह आली आणि कर्नाटकात सर्वतोमुखी झाली. उगवतीचे रंग चित्रपटाला सहज साधतात. परंतु बेंद्र्यांच्या कवितेचा प्रवास दृश्याकडून अदृश्याकडे आहे. प्रकाश, वारा, पक्षी यांचे वर्णन करीत ती अखेर अशा ठिकाणी येते, की जे उजाडले ते नुसते उजाडणे नव्हे, शांतरसच रूप धरून आला आहे, याची जाणीव व्हावी. पहाट दाखवता येते. 'नुसती पहाट नव्हे' हे दाखवता येत नाही. निषेध हे केवळ भाषेचे सामर्थ्य आहे, चित्राजवळ ते नाही. ज्याने ही कविता केवळ पडद्यावर पाहिली, त्याच्या हाती तिची पहाट लागते आणि तिचा शेवट निसटतो.

मराठीतही पहाटेचे एक गीत असेच पडद्यावर गेले, पण त्याचा परिणाम उलट झाला. होनाजी शेलारखाने आणि बाळा कारंजकर या शाहिरांच्या जोडनावाने ओळखली जाणारी 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी घरोघरी गायिली जात होती. व्ही. शांताराम यांच्या 'अमर भूपाळी' (१९५१) या चित्रपटाने वसंत देसाई यांच्या संगीतातून तिला एक कथा दिली आणि कर्त्याचे नाव लोकांच्या मनात नव्याने ठसवले. रोजच्या वापराने जी निनावी होत चालली होती, त्या रचनेला दृश्याने तिचा कवी परत मिळवून दिला. दृश्य नेहमी हिरावूनच घेते, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे. 'संत तुकाराम' (१९३६) मधील 'आधी बीज एकले' ही शांताराम आठवले यांची रचना तर दुसऱ्या टोकाची. चित्रपटासाठी लिहिलेली ही ओळख पुसून ती थेट अभंगपरंपरेत जाऊन बसली आणि अनेकांनी ती तुकोबांचीच मानली. येथे दृश्याने गीताला इतका विश्वासार्ह मुखवटा दिला की खरा कवीच त्यामागे झाकला गेला.

दृश्यबंधनाचा सर्वांत सूक्ष्म परिणाम मात्र गझलेत दिसतो. सुरेश भट यांची 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' ही गझल जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा' (१९८२) मध्ये हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लता मंगेशकरांचा स्वर घेऊन आली. घर सोडून गेलेल्या सुलभाचे, म्हणजेच स्मिता पाटील यांच्या मुद्रेवरील एकाकीपण हेच तेव्हापासून या गझलेचे रूप झाले. गझलेच्या तंत्रानुसार प्रत्येक शेर स्वयंपूर्ण असतो. त्याला मागच्या-पुढच्या शेराच्या मनःस्थितीचे बंधन नाही. दृश्याने हे सारे शेर एका स्त्रीच्या एका अवस्थेत ओवले. गझल त्यामुळे समृद्ध झाली, यात शंका नाही. पण ज्या रचनेतील एका शेरात हा चेहरा कोणाचा हेच उमगत नाही असा भाव आहे, तिलाच महाराष्ट्राने एक निश्चित चेहरा देऊन टाकला, हा या सोयरिकीतील मार्मिक विरोधाभास म्हटला पाहिजे.

या उदाहरणांवरून काही निष्कर्ष काढता येतात. दृश्याचा कवितेवरील ताबा दोन गोष्टींवर अवलंबून असतो : कवितेचे आधीचे आयुष्य किती भरगच्च होते, आणि तिच्यातील 'मी' किती मोकळा होता. हुपफेल्डच्या गीताला पूर्वायुष्य तुटपुंजे होते. म्हणून ते संपूर्णपणे 'कॅसाब्लांका'चे झाले. 'मैसूरु मल्लिगे'च्या कविता पाच दशके माजघरांत, नभोवाणीवर आणि मैफलींत वावरल्या होत्या. प्रत्येक ऐकणाऱ्याच्या मनात त्यांची स्वतःची पदुमा आधीच होती. म्हणून चित्रपटाने त्यांना आणखी एक घर दिले, पण त्यांचा मालक तो होऊ शकला नाही. नरसिंहस्वामी स्वतः पुढे नव्य काव्याकडे वळले, 'शिलालते'सारखा निराळ्या वळणाचा संग्रह त्यांनी लिहिला, 'तेरेद बागिलु'साठी १९७७ चा साहित्य अकादेमी पुरस्कार त्यांना लाभला. तरी २००३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही सामान्य वाचकाच्या दृष्टीने ते मल्लिगेचेच कवी होते. लोकप्रियतेचे हे बंधन मात्र चित्रपटाने घातलेले नव्हते. ते गेयतेने त्याच्या कितीतरी आधी घातले होते.

आज साहित्याचा विद्यार्थी पुष्कळदा कवितेपाशी गीताच्या वाटेने आणि गीतापाशी दृश्याच्या वाटेने येतो. ही वाट हीन मानण्याचे कारण नाही; अनेक कवितांना तिनेच वाचक मिळवून दिले आहेत. मात्र तेथेच थांबणारा विद्यार्थी अभिनेत्रीची मुद्रा कवितेचा आशय म्हणून उतरवून घेतो, आणि अनुपस्थिती, निषेध, द्व्यर्थ या भाषेच्या खास संपत्तीला मुकतो. अध्यापकाने त्याला दृश्य विसरण्यास सांगून उपयोग नाही, कारण ते विसरता येत नाही. त्याने छापील कविता पुढे ठेवून एवढेच विचारावे, की यांतील कोणते शब्द पडद्यावर आलेच नव्हते. रावांच्या कवितेत ते मेहुणीच्या तोंडचे दोन शब्द असतील, बेंद्र्यांच्या कवितेत शेवटचा नकार असेल, भटांच्या गझलेत अनोळखी चेहऱ्याचा शेर असेल. कवितेचे वाचन तेथून सुरू होते.